आधी काडी, मग नळी

मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या रस्त्याला लागा, भिंतीवर रंगवलेली एक जाहिरात चुकत नाही : ‘मूळव्याध, भगंदर, फिशर – बिनऑपरेशन इलाज’. शौचाला रक्त पडलं की माणूस आधी त्या भिंतीवरचा नंबर फिरवतो. मग जडीबुटी, मग मलम, मग ‘उष्णता झाली’ म्हणून सब्जा आणि ताक. यात सहा महिने, वर्ष सहज निघून जातं. बहुतेक वेळा ती खरोखरच मूळव्याध असते आणि कमीही होते, म्हणून तर हा रिवाज टिकला. पण काहींच्या बाबतीत ते रक्त मोठ्या आतड्यातल्या किंवा गुदाशयातल्या गाठीचं असतं. असा माणूस किनवट, मुखेड, देगलूर, हिंगोलीकडून, कधी तेलंगणातल्या निर्मल-आदिलाबादकडून नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचतो, तोवर त्याचं वजन उतरलेलं असतं आणि हिमोग्लोबिन घसरलेलं असतं.

हा आजार, म्हणजे मोठ्या आतड्याचा कर्करोग, आपल्याकडे उशिरा सापडतो आणि तुलनेने तरुणांत सापडतो. टाटा स्मारक रुग्णालयाने २०१७ साली आपल्याकडच्या सुमारे ८०० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांचं सरासरी वय ४७ च्या आसपास निघालं, आणि सर्वाधिक गाठी गुदाशयात, म्हणजे आतड्याच्या अगदी शेवटच्या वीतभर भागात होत्या. आपली लोकसंख्याच तरुण, त्यामुळे रुग्णही तरुण दिसणार, हे खरं. तरी ज्या वयात पाश्चात्त्य देशांत तपासणीचं पत्र घरी येतं, त्याच्या आसपासच आपले बरेच रुग्ण ऑपरेशनच्या टेबलावर असतात, ही गोष्ट उरतेच.

या आजाराची खात्रीची तपासणी म्हणजे कोलोनोस्कोपी. आपल्याकडे तिला ‘खालची दुर्बीण’ म्हणतात. बोटाएवढी जाड, लवचीक, टोकाला कॅमेरा असलेली नळी गुदद्वारातून आत सरकवत मोठ्या आतड्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत न्यायची. हिचं मोठेपण नुसत्या बघण्यात नाही. न्यूयॉर्कच्या बेथ इस्रायल रुग्णालयात विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी १९६९ मध्ये याच नळीतून तारेचा फास घालून आतड्यातला कोंब, म्हणजे पॉलिप, पोट न फाडता कापून काढला. आतड्याचा कर्करोग बहुधा अशा कोंबातूनच तयार होतो आणि त्याला साधारण दहा वर्षं लागतात. कोंब काढला की त्या जागी पुढे व्हायचा कर्करोग टळला. बघता बघता उपचार उरकणारी तपासणी वैद्यकात विरळाच.

अडचण नळीच्या अलीकडे आणि पलीकडे आहे. आदल्या दिवशी जेवण बंद, संध्याकाळपासून दोन ते चार लिटर औषधी पावडरचं पाणी प्यायचं आणि रात्रभर संडासच्या फेऱ्या मारायच्या. घराबाहेर सामायिक संडास, पाणी चार दिवसांआड, आणि पहाटेच्या एसटीने शहरात यायचं, अशा माणसाला ही तयारी सांगणं सोपं नाही. पोट नीट साफ झालं नाही तर तपासणी वाया जाते. वर भुलीचं औषध, सोबत माणूस, काही हजारांचा खर्च. धोका कमी आहे, पण शून्य नाही : अमेरिकेतल्या आकड्यांनुसार दहा हजार तपासण्यांमागे साधारण तिघांच्या आतड्याला छिद्र पडतं आणि पंधराएक जणांना मोठा रक्तस्राव होतो. सगळ्यांत मोठी टंचाई मात्र नळी चालवणाऱ्या हातांची.

म्हणून जगभर पर्याय शोधले गेले, आणि त्यातला सगळ्यांत जुना पर्याय सगळ्यांत साधा निघाला : शौचात न दिसणारं रक्त शोधायचं. गाठीवरून मळ सरकताना थोडं थोडं रक्त झिरपतं, ते डोळ्यांना दिसत नाही पण रसायनाला सापडतं. ग्वायक नावाच्या झाडाची राळ रक्त ओळखायला एकोणिसाव्या शतकापासून वापरली जात होती, पुढे ती राळ लावलेल्या कागदावर ही तपासणी होऊ लागली. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातला ४६ हजारांवर लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दरवर्षी ही तपासणी करून रक्त निघालेल्यांची दुर्बीण केली, तर १३ वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू ३३ टक्क्यांनी घटले होते. पण हा कागद भोळा. रक्त माणसाचं की ताटातल्या मटणाचं, हे त्याला कळत नाही. मुळा आणि फ्लॉवर यांनीही तो निळा होतो, आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतल्या की असलेलं रक्तही लपतं. तपासणीआधी तीन दिवस पथ्य सांगावं लागे.

फिट (फीकल इम्युनोकेमिकल टेस्ट) ही तिची पुढची पिढी. मळाचा नमुना छोट्या काडीने घ्यायचा, म्हणून आपण तिला नुसतं ‘काडी’ म्हणू. या चाचणीत माणसाच्याच हिमोग्लोबिनमधल्या ग्लोबिनला चिकटणारी प्रतिपिंडं वापरतात. त्यामुळे मटण खा, मुळा खा, लोहाच्या गोळ्या चालू ठेवा, काही बिघडत नाही. आणखी एक सोय आपोआप झाली. जठरात अल्सर असेल तर तिथलं रक्त खाली येईपर्यंत त्यातलं ग्लोबिन पचून जातं, म्हणजे फिटला सापडलेलं रक्त बहुधा मोठ्या आतड्याचंच असतं. एकदाच्या चाचणीत ती दहापैकी साधारण आठ कर्करोग पकडते, आणि आजार नसलेल्या शंभरांपैकी पाच-सहा जणांना उगाच धास्ती लावते. कोंब पकडण्यात मात्र ती कच्ची, कारण बरेच कोंब रक्त सोडतच नाहीत. ही उणीव दरवर्षी किंवा वर्षाआड चाचणी करून भरून काढायची असते. एकदा निगेटिव्ह आली आणि माणूस निर्धास्त झाला, तर तिचा निम्मा उपयोग गेला.

बाकीचे पर्याय चटकन बघून घेऊ, कारण नांदेडच्या माणसासाठी त्यांचं मोल आज थोडंच आहे. शौचातला डीएनए तपासणारी ‘कोलोगार्ड’ चाचणी अमेरिकेत २०१४ मध्ये मंजूर झाली. जवळजवळ दहा हजार लोकांच्या अभ्यासात तिने ९२ टक्के कर्करोग पकडले, त्याच लोकांत फिटने ७४ टक्के. पण उगाच पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण तिच्यात फिटच्या दुपटीहून जास्त होतं आणि किंमत कितीतरी पट.  कॅमेऱ्याची गोळी गिळायची असेल तर पोट दुर्बिणीपेक्षाही कसून साफ करावं लागतं. सीटी स्कॅनवरची ‘व्हर्च्युअल’ कोलोनोस्कोपी भुलीविना होते, मात्र त्यातही आतड्यात हवा भरावी लागते, आणि कोंब दिसला की शेवटी खरी नळी आलीच. रक्ताच्या चाचण्यांची सध्या फार हवा आहे. ‘शील्ड’ ही चाचणी अमेरिकेत जुलै २०२४ मध्ये मंजूर झाली. ती ८३ टक्के कर्करोग पकडते, आणि मोठे धोकादायक कोंब फक्त १३ टक्के. म्हणजे आजार झाल्यावर सांगते, होण्याआधी क्वचितच. आपल्याकडेही ‘एका थेंबात सगळे कॅन्सर’ छापाच्या जाहिराती येऊ लागल्या आहेत. त्यांच्यावर पैसे घालण्याआधी ‘कोंब किती पकडता?’ एवढं विचारावं.

एक पर्याय मात्र अडगळीत पडला याचं मला वाईट वाटतं : आखूड दुर्बीण, म्हणजे सिग्मॉइडोस्कोपी. आतड्याचा शेवटचा डावा भागच बघायचा, एका एनिमावर काम भागतं, भूल लागत नाही. वेंडी अॅटकिन यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ब्रिटिश अभ्यासात ५५ ते ६४ वयात आयुष्यात एकदाच ही तपासणी करण्याचं निमंत्रण देऊन मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. आपल्याकडे गाठी खालच्या टोकाला जास्त, मग ही आखूड नळी इथे जास्तच कामाची ठरायला हवी. त्याहून स्वस्त म्हणजे डॉक्टरचं हातमोजा घातलेलं बोट. गुदाशयातल्या बऱ्याच गाठी त्या बोटाला लागतात. लाजेपायी पेशंट नको म्हणतो, गर्दीपायी डॉक्टर टाळतो, आणि मूळव्याधीचं मलम आणखी एक महिना चालतं.

आता मुद्द्याचा प्रश्न. दुर्बीण ही खात्रीची, मग काडीवर भरवसा का ठेवायचा? स्पेनमध्ये याचं उत्तर शोधलं गेलं. ५० ते ६९ वयाच्या ५७ हजार लोकांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलं. एका गटाला एकदाच कोलोनोस्कोपीचं बोलावणं, दुसऱ्याला दर दोन वर्षांनी फिटचं. दहा वर्षांनंतरचे निकाल २०२५ मध्ये आले. आतड्याच्या कर्करोगाने मेलेल्यांचं प्रमाण दुर्बिणीच्या गटात ०.२२ टक्के, फिटच्या गटात ०.२४ टक्के. जवळजवळ बरोबरी. कारण दुर्बिणीला बोलावलेल्यांपैकी जेमतेम ३२ टक्के आले, फिटच्या गटात ४० टक्के. लोक ज्या तपासणीला येतच नाहीत, तिची अचूकता कुणाच्या कामी येणार?

मराठवाड्याला हा धडा नवा नाही. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा जगातला एक मोठा अभ्यास झाला. त्याला बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाचा आणि टाटा स्मारकचा आधार होता. ५२ गावसमूहांतल्या ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायकांचे चार गट केले : एका गटात एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशी तपासणारी पॅप, तिसऱ्यात व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहणी, चौथ्यात नेहमीचेच उपचार. या चौथ्या गटावरून पुढे नैतिकतेचा वादही झाला, आणि तो अगदीच बिनबुडाचा नव्हता. पण २००९ मध्ये आलेला निकाल जगभर पोहोचला : एचपीव्ही चाचणी फक्त एकदाच केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. बाकी दोन पद्धतींचा मृत्यूवर लक्षात येण्याजोगा परिणाम दिसला नाही. आठ वर्षं गावोगाव फिरून सिद्ध झालेली ही गोष्ट नीट वाचली, तर तिच्यात दोन बाजू आहेत. बोलावलेल्या बायकांपैकी सुमारे ८० टक्के आल्या, कारण आरोग्य सेविका दारापर्यंत गेल्या आणि गावातच शिबिर भरलं. आणि नुसती स्वस्त, सोपी असल्याने एखादी तपासणी जीव वाचवतेच असं नाही. ते मोजून पाहावं लागतं.

मग विष्णुपुरीतून नांदेड जिल्हाभर फिटच्या काड्या वाटाव्यात का? इथे बार्शीचीच दुसरी नोंद आडवी येते. १९८७ मध्ये तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, भूम, परांडा या तालुक्यांतल्या गावांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं प्रमाण जगाच्या मानाने फारच कमी आढळत आलं आहे. त्याचं श्रेय ज्वारीच्या भाकरीला द्यायला आपल्याला आवडतं. तंतुमय आहार उपयोगी आहे हे खरं, पण तेवढ्यावर सगळा आजार उलगडत नाही, आणि भाकरीची जागा चपाती-पाव घेतोय हेही डोळ्यांपुढेच आहे. दर कमी असला की मोठ्या चाळणीत खडे थोडे आणि धान्यच जास्त अडकतं. २०१६ मध्ये केंद्र सरकारने तिशीनंतरच्या सर्वांसाठी तपासणीचा कार्यक्रम आखला, तेव्हा त्यात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख एवढेच कर्करोग घेतले. मोठं आतडं त्यात नाही, आणि सध्या तरी तो निर्णय मला बरोबर वाटतो.

का, ते एका ढोबळ हिशेबाने बघू. २०११ च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३.६ लाख. त्यात पन्नाशीपुढचे पाच लाख धरा. त्यातल्या निम्म्यांनी काडी दिली आणि शंभरात पाच पॉझिटिव्ह आले, तर साडेबारा हजार दुर्बिणी. वर्षाचे कामाचे दिवस तीनशे, म्हणजे रोज चाळीसहून जास्त, आणि तेही बाकीचे सगळे पेशंट बाजूला ठेवून. हे फक्त आपल्याच गरिबीचं दुखणं नाही. नेदरलँड्सने २०१४ मध्ये देशभर फिट सुरू केली तेव्हा मळाच्या एका ग्रॅममध्ये १५ मायक्रोग्रॅम हिमोग्लोबिन निघालं की दुर्बीण, असा नियम होता. लोक अपेक्षेपेक्षा जास्त आले, दहातला एक पॉझिटिव्ह निघाला आणि दुर्बिणीच्या रांगा लागल्या. त्याच वर्षाच्या मध्यावर त्यांनी ती मर्यादा १५ वरून ४७ वर नेली. काडीचं हे वैशिष्ट्य दुर्लक्षू नये : ती ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगत नाही, आकडा सांगते, आणि तो आकडा आपल्या नळ्यांच्या संख्येला जुळवून वर-खाली करता येतो. आपल्याकडच्या पुष्कळ प्रयोगशाळा नुसतं ‘पॉझिटिव्ह’ लिहून देतात. डॉक्टरांनी आकडा मागायला हवा.

म्हणून विष्णुपुरीसारख्या ठिकाणी काडीचं खरं काम मला वेगळं दिसतं : धडधाकट लोक हुडकण्याऐवजी, तक्रार घेऊन आलेल्यांची रांग लावणं. ब्रिटनमध्ये हेच करतात. पोटदुखी, शौचाची बदललेली सवय, रक्तक्षय, शौचावाटे रक्त अशा तक्रारी आल्या की २०२३ पासून आधी फिट करायची, असा तिथला नियम आहे. आकडा १० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर कर्करोगाची शक्यता शंभरात एकाहूनही कमी, आणि तक्रार टिकली नाही तर दुर्बिणीची घाई नाही. १० च्या वर गेला की ताबडतोब रांगेत पुढे. बोटाला गाठ लागली असेल, तर काडीची वाट बघायचीच नाही. आपल्याकडे यात एक स्थानिक भर घालावी लागेल. आधी शोधायची माणसं कोण? कामात थकवा येणारा, लोहाची कमतरता निघालेला पन्नाशीचा पुरुष, आणि पाळी बंद झाल्यानंतरही रक्त कमीच असलेली बाई. मराठवाड्यात रक्तक्षय इतका सर्रास आहे की गोळ्या देऊन वाटेला लावलं जातं, पण या दोघांचं रक्त कुठून जातंय हे शोधायलाच हवं. आणि ज्यांच्या आई, बाप किंवा भाऊ-बहिणीला पन्नाशीच्या आत हा कर्करोग झाला असेल, तर त्यांच्यासाठी काडी हा पर्यायच नाही. त्यांनी थेट नळीकडे जायचं, चाळिशीत किंवा रुग्णाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा.

आपल्या हवामानात काडीलाही काही खोडी आहेत. हुकवर्म, आमांश, आतड्याचा क्षय यांनीही शौचात रक्त येतं. म्हणजे पॉझिटिव्हांत कर्करोग नसलेले इथे जास्त निघणार. दुसरी खोड उन्हाची. नमुन्यातलं हिमोग्लोबिन उष्णतेने विघटित होतं आणि असलेलं रक्त नसल्यासारखं दिसतं. इटलीत फ्लॉरेन्सच्या कार्यक्रमात हिवाळ्याच्या मानाने उन्हाळ्यात पॉझिटिव्ह निघण्याची शक्यता सुमारे १७ टक्क्यांनी कमी आढळली. नांदेडचा मे महिना ४२-४३ अंशांचा. नमुन्याची नळी एसटीच्या टपावरून आली, तर निगेटिव्हला अर्थ उरणार नाही. थंड पेटीतून एक-दोन दिवसांत ती प्रयोगशाळेत पोहोचायला हवी, नाहीतर फिटचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी ठेवावा. काडी घासण्याची रीतही सांगावी लागते. देशी संडासात पाण्याआधी भांड्यावर जुना कागद पसरायचा, मळ पाण्याला लागू द्यायचा नाही, काडीच्या टोकाने वेगवेगळ्या चार-पाच जागी खरवडायचं आणि नळीत घालून झाकण लावायचं. काडीच्या खाचांत बसेल तेवढाच मळ पुरे. जास्त कोंबला तर आकडा चुकतो. मासिक पाळीत नमुना देऊ नये.

पैशाची बाजू अर्धीच सुटलेली आहे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना राज्यातल्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात नांदेड होतं. ती पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली आणि आतड्याच्या कर्करोगाच्या ऑपरेशनचा, केमोचा भार तिने बराच हलका केला. पण योजना सुरू होते निदान झाल्यानंतर, आणि लोक अडकतात निदानाच्या आधी.

पॉझिटिव्ह काडी हातात आल्यावर सगळ्यांत जास्त होणारी चूक म्हणजे ‘पुन्हा एकदा करून बघू’. दुसरी निगेटिव्ह आली की माणूस पहिलीला खोटी ठरवतो. गाठ रोज रक्त सोडत नाही, त्यामुळे दुसऱ्या निगेटिव्हने पहिली पॉझिटिव्ह पुसली जात नाही. इटलीच्या व्हेनेतो प्रांतात लाखाहून जास्त पॉझिटिव्ह लोकांवर दहा वर्षं लक्ष ठेवलं गेलं, तेव्हा दुर्बीण टाळणाऱ्यांत या कर्करोगाचे मृत्यू दुर्बीण करणाऱ्यांच्या दुपटीने निघाले. लगेच उद्याच करायला हवी असं मात्र नाही. चाचणीच्या पॉझिटिव्ह निकालानंतर दुर्बिणीला दहा महिन्यांपर्यंत उशीर झाला तरी कर्करोगाचं प्रमाण लक्षणीय वाढत नाही, त्यापुढे ते वाढतं, असं कॅलिफोर्नियातल्या २०१७ च्या मोठ्या अभ्यासात दिसलं. हा अभ्यास तक्रार नसलेल्यांचा आहे. रक्त जातंय, वजन उतरतंय अशांना तो लागू नाही. तक्रार नसलेला शेतकरी ‘सोयाबीन निघू द्या, मग येतो’ म्हणाला, तर ते डॉक्टरने मान्य करावं आणि तारीख तिथल्या तिथे लिहून द्यावी. दिवाळी झाली, हरभरा आला, लग्नसराई लागली, की पुढची पेरणी तोंडावर येते.